एका ट्रॅकवर बहात्तर

"फोटो कन्सोलच्या बरोब्बर वर लावलाय," ढोमणे साहेब म्हणाले. "ऑपरेटरनं मान वर केली की सर दिसायला हवेत."

मी पाहिलं. बाबांच्या निवृत्तीच्या दिवशी काढलेला फोटो होता. त्यातही गळ्यात हार होता, आणि आता त्यावर चंदनाचा दुसरा. फोटोखाली मशीनचे दिवे लुकलुकत होते. बाहेर नागपूरचा जून पेटला होता. मशीनरूममध्ये मात्र स्वेटर घालून बसावं लागे.

"अकरा वाजता शोकसभा आहे," ते म्हणाले. "तुम्ही आज पुन्हा रुजू होणार म्हणून मुद्दाम आजच ठेवली. दोन शब्द बोलाल ना?"

"बोलेन. त्याआधी यावर तुमची सही हवी."

मी पर्समधून गुलाबी स्लिप काढून त्यांच्यापुढे धरली. आमच्या संगणन केंद्रात चालू कामातला एक स्वल्पविराम जरी बदलायचा असला तरी ही स्लिप भरावी लागे, आणि केंद्रप्रमुखांच्या सहीशिवाय ती हलत नसे. केंद्रप्रमुख ढोमणे होते.

त्यांनी स्लिप वाचली. चष्मा कपाळावर ढकलला.

"आज, वैजयंती? सर जाऊन आज चौदावा दिवस आहे."

"येत्या सोमवारी द्वितीय वर्षाचा निकाल चालवायचाय. दीड लाख मुलं जास्त आहेत. तो मागच्यासारखाच थांबणार. आज सही मिळाली तर शनिवारपर्यंत सगळं बदलून होतं."

"सभेनंतर बोलू."

"मार्चमध्येही तुम्ही 'नंतर बोलू' म्हणाला होतात. ती स्लिप तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे."

त्यांनी हात जोडले. मला नव्हे, फोटोला. "हे सरांचं आहे. सरांच्या कामाला हात लावायचा नाही, ही इथली पद्धत आहे. तुम्ही तर त्यांची मुलगी."

मला ओरडता येत नाही. हरकऱ्यांच्या घरात कोणीच ओरडत नसे. राग आला की आमचा आवाज खाली जातो. त्या सकाळी माझा इतका खाली गेला होता की शेजारच्या प्रिंटरच्या खडखडाटात मलाच तो ऐकू येईना.

*

आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा राग कळणार नाही.

आम्ही तीन विद्यापीठांचे निकाल लावत असू. एका मुलाच्या एका विषयाचे गुण म्हणजे एक नोंद, ऐंशी अक्षरांची. पंचकार्डावर ऐंशी रकाने असत म्हणून ऐंशी. अशा अठरा लाख नोंदी डिस्कवर लिहायच्या. डिस्कच्या तबकडीवर गोल ट्रॅक असतात आणि त्यांवर नोंदी ब्लॉकनं लिहिल्या जातात. एका ब्लॉकमध्ये किती नोंदी भरायच्या ते आपण ठरवायचं. मात्र प्रत्येक ब्लॉकमागे मशीन स्वतःसाठी काही जागा घेतं. आमच्या डिस्कवर ती एकशे पंच्याऐंशी अक्षरांची होती.

आमच्याकडे एका ब्लॉकमध्ये एकच नोंद असे. म्हणजे एका माणसाला बसवायचं आणि त्याच्या शेजारच्या दोन खुर्च्या मोकळ्या ठेवायच्या. असं करत एका ट्रॅकवर बहात्तर नोंदी मावत. तेच एका ब्लॉकमध्ये एकशे अठरा भरल्या की ट्रॅकवर असे दोन ब्लॉक बसतात, दोनशे छत्तीस नोंदी. तीच डिस्क, तेच मशीन. शिवाय मशीनला एकेक नोंदीसाठी थांबावं लागत नाही, म्हणून सहा तासांचं काम दोन तासांच्या आत.

हा हिशोब मी मार्चमध्ये एका पानावर मांडून दिला होता. अवघड काही नव्हतं. बारावीच्या मुलाला जमेल असा भागाकार होता.

ही एकेक नोंदीची मांडणी बाबांची. चौऱ्याहत्तर साली त्यांनी हे केंद्र उभं केलं तेव्हा मशीनची स्मृती इतकी तुटपुंजी होती की मोठा ब्लॉक तिच्यात मावलाच नसता. त्यांनी निकालाचा पहिला प्रोग्रॅम लिहिला. नंतरच्या प्रत्येकानं नवं काम सुरू करताना त्याचीच नक्कल काढली. 'सरांचा सांगाडा' असंच म्हणायचे त्याला. नवा मुलगा रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला सरांचा सांगाडा देत आणि कुठल्या ओळी बदलायच्या ते सांगत. ब्लॉकची ओळ त्यात नसे. अशा त्रेसष्ट प्रोग्रॅममध्ये ती ओळ जशीच्या तशी उतरली होती. त्यातले अकरा माझे. आठ वर्षं मीही ती उतरवली होती, न बघता.

दोन आठवड्यांपूर्वीच्या त्या मंगळवारी बाबा धंतोलीतल्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन दिवस जपायचे आहेत. सकाळी साडेनऊला आमचे ऑपरेटर खोब्रागडेकाका लुनावरून आले आणि खोलीच्या दारातच उभे राहिले.

"साहेबानं बोलावलं जी, ताई. मला तर यावंसंच वाटत नव्हतं. पण डिस्क भरते म्हणते, अन् जुन्यातलं काय पुसावं ते तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक?"

बाबा झोपले होते. मी आईला म्हणाले, "तासाभरात येते."

दहाला निकालाचा रन सुरू केला. बारा चाळीसला डिस्क भरली. मी एक्याण्णवच्या फायली टेपवर आहेत याची खात्री केली, त्या पुसल्या, जागा केली, रन पुन्हा पहिल्यापासून लावला. दीड वाजता आईचा फोन आला. "ते तुझी आठवण काढतायत गं."

मी म्हणाले, "त्यांना सांग, डिस्क भरलीय. त्यांना कळेल."

साडेतीनला रन पुन्हा थांबला. मी ब्याण्णवच्या फायली पुसायला घेतल्या. चार वीसला बाबा गेले. साडेचारला फोन वाजला तेव्हा माझ्या हातात टेपचं चक्र होतं, म्हणून खोब्रागडेकाकांनी तो घेतला.

*

सभेला सोळाजण होते. कॉरिडॉरमध्ये लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. ढोमणे पहिले बोलले, आणि चांगलं बोलले. सरांची शिस्त, सरांचा डबा, सर बसनं यायचे ते. मग म्हणाले, "वीस वर्षं झाली, सरांची एक ओळ आम्ही बदललेली नाही. हीच आमची श्रद्धांजली."

कोणीतरी टाळ्या वाजवायला गेलं आणि थांबलं.

मी उठले. आदल्या दिवशी कागदावर काही लिहिलं होतं. ते घडीतच राहू दिलं.

"माझे वडील हुशार होते हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे," मी म्हणाले. "म्हणून फक्त एक आकडा सांगते. आपल्या डिस्कच्या एका ट्रॅकवर बहात्तर नोंदी बसतात. दोनशे छत्तीस बसू शकतात. उरलेली जागा मोकळी असते. ते गेले त्या दिवशी मी इथे होते. ही मोकळी जागा ठेवायला आणखी जागा हवी होती म्हणून जुन्या फायली पुसत होते. मी तीन महिन्यांपूर्वी लेखी दिलं होतं. ढोमणे साहेबांनी सही केली नाही, कारण त्यांना माझ्या वडिलांबद्दल आदर आहे. सोमवारी पुन्हा रन आहे. सोमवारी कोणाच्या घरी कोण आजारी असेल, मला माहीत नाही."

मी बसले. ढोमण्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानाच्या पाळ्यांपासून लाल होत गेला.

"केबिनमध्ये या," ते म्हणाले. "खोब्रागडे, तुम्ही पण या. साक्षीदार असू द्या कोणी."

*

केबिनमध्ये त्यांनी दार लावलं, पंखा बंद केला आणि बसले नाहीत.

"आदर," ते म्हणाले. "छान शब्द वापरलात. खोब्रागडे, त्र्याऐंशीची दिवाळी आठवते?"

खोब्रागडेकाका जमिनीकडे पाहायला लागले. "जाऊ द्या न साहेब. माणूस गेला."

"मी विचारतोय काय?"

"आठवते जी."

"मग सांगा हिला. मी सांगितलं तर खोटं वाटेल."

"ताई," काका म्हणाले, "हे नवं मशीन त्र्याऐंशीत आलं. मोठं मशीन. तवा साहेब पोरगेलेसेच होते. त्यांनी एक कागद केला होता. तुमच्यासारखाच. असाच भागाकार. आता मशीन मोठं आहे, ब्लॉक वाढवू म्हणून. तो घेऊन सरांकडे गेले."

"सरांनी तो वाचला," ढोमणे म्हणाले. "पूर्ण वाचला. मग सगळ्यांना मशीनरूममध्ये गोळा केलं. मला वाटलं, शाबासकी द्यायला. मी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं, आठवतंय मला. सर म्हणाले, 'ज्याला स्वतःचा एक प्रोग्रॅम धड लिहिता येत नाही, तो माझ्या प्रोग्रॅमचं पोट फाडायला निघालाय.' सगळे हसले. हे पण हसले."

"हसलो जी," खोब्रागडेकाका म्हणाले. "सर बोलले अन् नाही हसलं तर कसं?"

"दुसऱ्या दिवसापासून मी टेपखोलीत. पुढचं वर्षभर टेप पुसल्या. कोरड्या कापडानं. कॉम्प्युटरमध्ये गोल्ड मेडल होतं माझं."

त्र्याऐंशीत मी कॉलेजात होते. दिवाळीत बाबा घरी आले, चकली खाल्ली, मला कसलंसं पुस्तक दिलं. यातला एक शब्द घरात आला नव्हता.

"हे खरं असेल," मी म्हणाले. "पण बाबा एकोणनव्वदला निवृत्त झाले. पाच वर्षं तुम्ही प्रमुख आहात. तुम्हाला उत्तर माहीत होतं. मग का नाही बदललंत?"

ढोमणे हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, आणि आज ते मला कळतं, याचाही.

"कारण ते दरवर्षी थांबायचं. दर जूनला. कुलगुरूंचे फोन यायचे, पेपरात यायचं, निकाल रखडला. आणि मी प्रत्येकाला सांगायचो, हरकरे सरांची मांडणी आहे, आम्ही हात लावत नाही. दरवर्षी सांगायचो. सरांचं नाव घेऊन सांगायचो. तुम्हाला काय वाटलं, मी पूजा करत होतो?"

खोब्रागडेकाका म्हणाले, "अहो साहेब..."

"मला बरं वाटायचं, वैजयंती. जूनमध्ये मला फार बरं वाटायचं. मार्चमध्ये तुमचा कागद आला तेव्हा मी तो तीनदा वाचला. हरकऱ्यांच्या घरातूनच आला म्हणून. आणि ड्रॉवरमध्ये टाकला. त्या मंगळवारी सर दवाखान्यात आहेत हे माहीत होतं मला. पण इतकं... ते मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं."

"त्या दिवशी मला बोलावणं पाठवलंत."

"हो."

"एका भागाकारासाठी."

"हो."

टेबलावर काचेचा पेपरवेट होता. मी तो उचलला आणि पुन्हा ठेवला. खोब्रागडेकाका माझ्या हाताकडे बघत होते.

"सही करा," मी म्हणाले.

"करतो. पण स्लिप नीट भरा." त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. "बदलाचं कारण, इथे तुम्ही लिहिलंय 'जागेची बचत'. खोटं आहे ते. लिहा, 'मूळ मांडणीतली चूक'. आणि शेजारचा रकाना कोरा ठेवलाय. 'मूळ प्रोग्रॅमर'. तिथे नाव घाला."

"चौऱ्याहत्तरमध्ये ते बरोबर होतं. मशीनमध्ये जागाच नव्हती."

"मी चौऱ्याहत्तरचं म्हणतच नाही. त्र्याऐंशीचं म्हणतोय. त्र्याऐंशीत ती चूक होती, आणि सरांना ती दाखवली होती. लिहा. हे रजिस्टरला लागणार. माझ्या टेपखोलीच्या वर्षाची नोंद कुठेच नाही. निदान ही असू द्या."

"बाप जाऊन पंधरा दिवस नाही झाले जी तिच्या," खोब्रागडेकाका म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "थोडी तरी लाज बाळगा."

"मग स्लिप घेऊन जा. सोमवारी डिस्क भरू द्या."

पेन माझ्याच हातात होतं. बाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्च्या दुमडल्याचे आवाज येत होते. एकामागून एक, सोळा.

मला आईनं सांगितलेलं आठवलं. तिसऱ्या दिवशी अस्थी आणून ठेवल्यावर मी तिला विचारलं होतं, मी फोनवर सांगितलं ते त्यांना कळलं का. आई म्हणाली, "कळलं ना. मी म्हटलं, वैजू म्हणतेय डिस्क भरलीय. तर बराच वेळ डोळे मिटून होते. मग म्हणाले, 'तिला म्हणावं, ढोमणेला माहीत आहे. त्याचं बरोबर होतं.' मी पुन्हा फोन लावला गं, पण तो लागेचना." मला तेव्हा वाटलं होतं, ग्लानीत बोलत असतील. कुठला तरी जुना ढोमणे, कुठलं तरी जुनं काम.

आता ते वाक्य माझ्यापुढे उभं होतं. धडधाकट. शुद्धीतलं. माझे वडील, ज्यांनी माझ्या मराठीतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकाही कधी माझ्या तोंडावर काढल्या नाहीत, त्यांनी एका तरुण माणसाला सगळ्यांपुढे सोललं होतं. स्वतःचं चुकतंय हे कळत असताना. आणि अकरा वर्षं त्यावर गप्प बसले होते. मी त्याच केंद्रात कामाला लागले तेव्हाही. रोज मला विचारायचे, आज रन नीट झाला का? मी सांगायचे, थांबला होता. ते म्हणायचे, हं.

मी लिहिलं. कारण : मूळ मांडणीतली चूक. मूळ प्रोग्रॅमर : वासुदेव नारायण हरकरे. नाव पूर्ण लिहिलं. मला त्या क्षणी बाबांचा इतका राग आला होता की ढोमण्यांनी सांगितलं नसतं तरी मी लिहिलं असतं.

ढोमण्यांनी स्लिप उचलली. वाचली. पुन्हा वाचली. खुर्चीत बसले आणि सही केली. मग पेनाचं टोपण लावता लावता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वैजयंती, सर दवाखान्यात काही बोलले का? इथलं. म्हणजे... माझ्याबद्दल?"

त्यांचा आवाज अगदी वेगळा होता. गोल्ड मेडल मिळालेल्या आणि हातात कागद घेऊन उभ्या असलेल्या मुलाचा असेल तसा.

"नाही," मी म्हणाले.

"काहीच नाही?"

"तुमचं नावही नाही."

त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे," म्हणाले. "कशाला घेतील?"

*

शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत त्रेसष्ट प्रोग्रॅम बदलून झाले. प्रत्येकात एकच ओळ. ब्लॉकची साइज प्रोग्रॅमच्या पोटात लिहायचीच नाही, मशीनला डिस्कवरून वाचू द्यायची, म्हणजे पुढे कधी वाढवायची झाली तर कोणाची सही लागणार नाही. खोब्रागडेकाकांनी फायली नव्या ब्लॉकमध्ये उतरवल्या आणि अर्धी डिस्क रिकामी झालेली पाहून डिस्क बिघडली असं समजून मला हाक मारली.

सोमवारी दहाला रन लावला. ढोमणे केबिनमधून आले आणि माझ्या मागे उभे राहिले. बारा वाजायला दहा मिनिटं असताना कन्सोलवर शेवटची ओळ उमटली. एक तास पन्नास मिनिटं.

खोब्रागडेकाकांनी घड्याळ पाहिलं, मग पुन्हा कन्सोल पाहिला. "झालं?" ते म्हणाले. "झालं जी? मग आता दिवसभर काय करावं?"

ढोमणे तो आकडा पाहत राहिले. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी कागदावर काढलेला आकडा यापासून फार दूर नसणार. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ते अजून वाट पाहतायत. माझी नव्हे. तेव्हाही सांगता आलं असतं. बाबांचं एक वाक्य होतं, तीन शब्दांचं, आणि ते ढोमण्यांचंच होतं. माझ्याकडे फक्त पोचवायला दिलेलं.

मी पर्स उचलली आणि घरी निघाले. ढोमणे त्यानंतर एकोणीस वर्षं जगले.